पंख्याची सावली

आज सकाळी रजया उन्हात घालायला गच्चीवर गेले, तर कठड्याला एक फाटका पतंग अडकलेला. हिरवा, मधोमध जांभळी पट्टी. त्याचा मांजा भिंतीवरून खाली लोंबत होता. सोडवायला गेले आणि बोट कापलं. फार नाही, एक बारीक लाल रेघ. खांद्यावरच्या रजया तशाच ठेवून मी त्या रेघेकडे बघत उभी राहिले.

जयपूरला थंडी अशीच येते. आधी हातगाड्यांवर भुईमुगाच्या शेंगांचे ढीग दिसतात, ढिगावर शेंगा गरम ठेवायला धुमसतं मडकं. मग गल्लीत पिंजारी येतो आणि त्याच्या धनुष्याचा टंग टंग आवाज दुपारभर कानात राहतो. मग तीळगुळाच्या गजकचा वास. आणि एक दिवस मान वर करावी तर आकाशात जागा नसते. संक्रांत अजून लांब असते, पण पोरं शाळेतून येऊन दप्तर टाकून गच्चीवर पळतात. "वो काटा!" अशी आरोळी एका गच्चीवरून उठते आणि दहा गच्च्यांवर जाते. आमच्या मूर्तिजापूरकडे संक्रांत म्हणजे वाण, हळदीकुंकू, बाजरीची भाकर. इथे संक्रांत म्हणजे वर बघायचं.

मी मात्र या दिवसांत वर बघत नाही. खाली बघते. फरशीवर, अंथरुणावर, भिंतीवर. कुठूनतरी एखादी सावली सर्रकन जाते आणि माझ्या हातातलं काम थांबतं. इतकी वर्षं झाली तरी.

मी चौथी शिकलेली. हे लिहिते ते कुणाला दाखवायला नाही. माझी लेक पल्लवी सांगानेरला कापडछपाईच्या कारखान्यात जाते, संध्याकाळी येते. दुपारचं घर माझं असतं. तोंडाने मला कधी नीट बोलता आलं नाही. चार माणसं समोर आली की जीभ टाळ्याला चिकटते. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही, एवढं बरं असतं.

पल्लवी दहा वर्षांची होती, त्या हिवाळ्यात मी रैनबसेऱ्यात राहत होते. नगरपालिका दर थंडीत शास्त्री नगरच्या बाजूला एका लांबलचक सरकारी भिंतीला टेकून तंबू ठोकायची, त्याला रैनबसेरा म्हणत. ज्याला घर नाही त्याने संध्याकाळी आत जायचं, जाडजूड काळी घोंगडी घ्यायची आणि सकाळी बाहेर पडायचं. घोंगडीला सगळ्यांचा वास यायचा. बिडीचा, औषधाचा, ओल्या केसांचा. पहिल्या दिवशी मी ती नाकापासून लांब धरून झोपले. आठवड्याभरात त्या वासात माझाही वास मिसळला असणार, कारण मग मला तो येईनासा झाला.

आमचे हे रेल्वेत होते. बदली होऊन जयपूरला आलो, क्वार्टर मिळालं, पल्लवी शाळेत जायला लागली. मग तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. क्वार्टर सोडावं लागलं. त्यांच्या जागी मला घेतील असं सगळे म्हणत, पण कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते. माझी नणंद सुमनबाई, तिचे यजमान, आमचे जावईबापू, तेही रेल्वेतच. रेल्वे कॉलनीत त्यांचं दोन खोल्यांचं क्वार्टर, घरात सासू-सासरे. सुमनबाई म्हणाली, "पोरीले ठेवतो मी वहिनी. पन तुह्यासाठी जागा नाही व माय." त्यात तिचं काही चुकलं नाही. खरंच जागा नव्हती. जावईबापू मला एवढंच म्हणाले, "तुमची राहायची सोय नीट आहे ना? नसेल तर आत्ताच सांगा. पोरीला गावाला मोठ्या भाऊजींकडे पाठवून देऊ. उद्या कॉलनीत कुणी बोललं, हिची आई रस्त्यावर असते, तर आम्हाला तोंड दाखवायला जागा नाही."

मोठ्या भाऊजींकडे, म्हणजे यांच्या थोरल्या भावाकडे, गेलेली पोरगी शाळेत जात नाही, हे मला माहीत होतं. त्यांच्या स्वतःच्या पोरी जात नव्हत्या. मी मान हलवली. म्हटलं, विद्याधर नगरमध्ये एका बंगल्यात काम मिळालंय, मागची खोली दिली आहे राहायला.

काम खरं होतं. खोली नव्हती.

तेव्हापासून मी त्या खोलीत राहायला लागले. तंबूत नुसती झोपायची. दर रविवारी सुमनबाई पल्लवीला घेऊन विद्याधर नगरच्या बागेत यायची. पोर धावत येऊन कमरेला मिठी मारायची आणि पहिला प्रश्न, "आई, तुझी खोली दाखव ना."

"मालकीण बाहेरच्यांना आत येऊ देत नाही बाळा."

"मतलब मी बाहेरची आहे का?"

मग तिचं मन राखायला मी सांगायची. खिडकी आहे का? आहे. किती मोठी? एवढी. गज आहेत? आहेत. पेटी कुठे ठेवतेस? कोपऱ्यात. कॅलेंडर आहे? आहे. चूल की स्टो? स्टो. मी आदल्या रविवारी काय सांगितलं ते पोरगी विसरायची नाही. पेटी हिरवी आहे असं एकदा म्हटलं होतं, पुढच्या वेळी निळी म्हणाले तर लगेच म्हणाली, "हिरवी होती ना?" मग मला आठवडाभर त्या खोलीचीच उजळणी करावी लागायची. बंगल्यात फरशी पुसताना, बसमध्ये, घोंगडीखाली. खिडकी पूर्वेला, पेटी हिरवी, खुंटीवर दोन लुगडी. बोलून बोलून मी चार भिंती अशा पक्क्या बांधल्या की बाहेर यायला दारच ठेवलं नाही.

तंबूमागे थोडी मोकळी जागा होती. दुपारी तिथे ऊन यायचं, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकायचं, आणि आम्ही सगळे त्याच्यामागे सरकायचो. आधी म्हातारे, मग बायका, मग कुत्री. दुपारचं काम उरकून मीही तिथे येऊन बसायची. माझ्या शेजारी केसरबाई असायची. टोंककडची, भंगार वेचणारी. कपाळावर गोंदण आणि तोंडात सतत कुणाची तरी उणीदुणी. तिथे मला नाव नव्हतं. ती मला मराठण म्हणायची, म्हणून सगळेच म्हणायचे.

तिथेच एके दुपारी नेहादीदी आली. कुठल्याशा संस्थेची, अंगात जाड स्वेटर, गळ्यात कॅमेरा. म्हणाली, तुमच्यावर पुष्कळ लोक पिक्चर काढतात, आता तुम्ही काढा. कॅमेरा तुमच्या हातात, गोष्ट तुमची. आठवड्यातून तीन दुपारी ती यायची. पहिल्या दिवशी कुणी कॅमेऱ्याला हात लावेना. केसरबाई म्हणाली, "टूट गया तो? मेरे पास तो बेचने को दाँत भी पूरे नहीं हैं।"

पहिला खेळ असा होता की एकाने कॅमेरा धरायचा, दुसऱ्याने समोर उभं राहून आपलं नाव सांगायचं, मग जागा बदलायची. माझी पाळी आली. मी पदर सारखा केला, हात खाली सोडले, श्वास धरला आणि उभी राहिले. हलले नाही, पापणी पाडली नाही. जत्रेत फोटो काढताना माझ्या वडिलांनी शिकवलं होतं, हललीस की फोटो बिघडतो.

कॅमेरा चालूच. मी उभीच.

"अरी मराठण," केसरबाई ओरडली, "साँस तो ले! फोटू नहीं है, पिक्चर है!"

मग नेहादीदीने टेप मागे फिरवून कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळ्यांना दाखवलं. मी खांबासारखी उभी, मागे कुत्रा शेपूट हलवत जातो, येतो, पुन्हा जातो. लोक पोट धरून हसले. मी पदर तोंडावर घेतला, पण पदराआड मलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी. मात्र त्यानंतर मी कॅमेऱ्यासमोर गेले नाही. मागे उभी राहायला लागले. कॅमेरा धरणारा माणूस पिक्चरमध्ये दिसत नाही, हे कळल्यावर मला ते काम फार आवडलं. हात स्थिर होता माझा. नेहादीदी म्हणायची, "आपका हाथ बहुत अच्छा है।" मी मनात म्हणायची, दर रविवारी तोंड स्थिर ठेवते, हाताचं काय.

सगळ्यांनी आपापलं काढलं. सायकल-रिक्षा ओढणाऱ्या भंवरलालने आपल्या रिक्षाचीच पिक्चर काढली. चाक, घंटी, सीट, सीटवरचे गोंडे. त्याची बायको पळून गेलेली. केसरबाई म्हणाली, "लुगाई भाग गई तो इसी को निहारता है।" भंवरलाल शांतपणे म्हणाला, "ये भागती है तो मुझे साथ लेके भागती है, काकी।" तेही टेपवर आलं. बोललेलं काही कापायचं नाही असा नेहादीदीचा नियम होता. ज्या क्रमाने काढलं त्या क्रमाने राहायचं.

आणि मग तो पुठ्ठा. एके दिवशी तिने पुठ्ठ्याचे तुकडे वाटले, प्रत्येकाच्या मधे चौकोनी भोक. त्यातून बघत फिरा म्हणाली. या चौकोनात जे आहे ते बघणाऱ्याला दिसेल. जे बाहेर राहिलं ते त्याच्यासाठी जगातच नाही. म्हणून विचार करा, काय आत घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं.

मी पुठ्ठा डोळ्यासमोर धरला आणि भिंतीकडे वळले. भिंतीला कधीकाळी गेरूचा रंग दिला होता. तिच्याजवळ केसरबाईची पत्र्याची पेटी होती आणि खिळ्यावर कुणाचीतरी ओढणी. मी पुठ्ठा थोडा सरकवला. उजवीकडची नाली गेली. आणखी थोडा सरकवला. तंबूचा दोर गेला. कुत्री गेली, रस्ता गेला, रस्त्यावरचे ट्रक गेले. राहिली एक भिंत, एक पेटी, एक ओढणी. पेटी हिरवी होती.

ती खोली तिथे होती. इतके दिवस मी तिला डोक्यात वागवत होते आणि ती इथे उन्हात उभी होती.

मी कुणाला काही म्हणाले नसते. पण पुठ्ठा खाली घेईना तेव्हा केसरबाई जवळ आली. "क्या दिख रहा है, खजाना?" माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने मग तिथेच बसवून माझ्याकडून सगळं काढून घेतलं. पोरगी, नणंद, जावईबापू, बंगला, खिडकी, पेटी. मोडक्या हिंदीत मी सांगत होते आणि ती एकदाही मधे बोलली नाही. तिच्या बाबतीत हे नवलच. शेवटी उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुनो रे! मराठण का कमरा बनाना है।"

नेहादीदीचा चेहरा उतरला. तिच्या आवाजात राग नव्हता, पण काळजी होती. म्हणाली, "भाभी, हम तो सच दिखाने के लिए बना रहे हैं ना? बेटी को एक दिन पता चलेगा, फिर?"

मला तेही पटत होतं. बोलली केसरबाईच. "दीदी, सिनेमा में जो घर होते हैं, उनके पीछे भी घर होता है क्या? सच से छोरी का स्कूल छूटेगा। तू सच रख, इसको कमरा दे।"

नेहादीदीने कॅमेऱ्यात नवी बॅटरी घातली.

तंबूच्या आत काढून बघितलं, पण तिथे नुसता काळोख आला. म्हणून बाहेर, भिंतीशीच. ती दुपार आठवली की मला अजून लग्नघर आठवतं. भंवरलालने रिक्षाची गादी काढून आणली, तिच्यावर घडी केलेली चादर घातली, झाली खाट. चहावाल्याने कॅलेंडर दिलं. एकीने स्टो दिला, दुसरीने आपली दोन ताटं राखेने घासून चकचकीत करून स्टोशेजारी उभी केली. माझी दोन लुगडी खिळ्याला. खिडकीचं काय करायचं? भंवरलालने डोकं खाजवलं आणि कुठूनसा जुन्या खिडकीचा गज लावलेला सांगाडा आणला, भंगारात पडलेला. केसरबाई लगेच, "मेरा माल है, किराया लगेगा।" तो भिंतीला टेकवून त्यावर अर्धा पडदा टाकला. पडद्यामागे नुसती भिंतच होती. मी हाताने पडदा नीट केला. घरात आपण करतो तसा. आणि क्षणभर खरंच वाटलं की पलीकडे अंगण आहे.

कॅमेरा मीच धरला. पेटीपासून सुरुवात केली, हळूहळू खाटेकडे, खाटेवरून स्टोकडे, मग खिडकी. चौकोनाच्या बाहेर सगळी वस्ती श्वास धरून उभी होती. एक म्हातारा खोकला दाबत होता. कुत्र्याचं तोंड कुणीतरी हाताने धरून ठेवलं होतं. आकाशात पतंग होते, गच्च्यांवर आरडाओरडा होता, पण तो तर सगळ्या शहरात होता. बंगल्यातही ऐकू येतो.

मग टेप मागे फिरवून सगळ्यांनी बघितलं. डोक्याला डोकी लावून. वा वा झाली. "कमरा तो कमरा है!" "किराये पे उठा दे!" बारकाईने बघणारे होते, ताट थोडं तिरकं आहे म्हणाले, खिळ्यावरच्या लुगड्याचा पदर कॅलेंडरच्या कडेला आलाय म्हणाले. नेहादीदीही हसली. त्या टेपवर जे चुकलं होतं ते आमच्यातल्या कुणालाही दिसलं नाही. दिसणार कसं? आम्ही बाहेर राहणारी माणसं. आमच्या अंथरुणावरून दिवसभर काय काय जायचं. पाखरांच्या सावल्या, झाडाच्या, ढगांच्या. आम्हाला त्यात काही वेगळं वाटतच नव्हतं.

रविवारी नेहादीदी कॅमेरा घेऊन बागेत आली. बंगल्यातली ताई म्हणून मी तिची ओळख करून दिली. त्या खोलीसाठी अजून एक वीट. बाकावर मी, पल्लवी मांडीला मांडी लावून, आणि पलीकडे सुमनबाई भाजीची पिशवी पायाशी ठेवून. सुमनबाई नेहादीदीच्या जीन्सकडे बघत होती. पल्लवीने कॅमेरा दोन्ही हातांनी धरला. छोटा पडदा उजळला.

"पेटी! हिरवीच आहे!" तिने माझ्याकडे बघितलं. माझी पोरगी, मला तिच्या डोळ्यांत तेव्हा जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. आई खोटं बोलत नव्हती, असं तिला त्या क्षणी वाटलं.

"कुठी? मले बी दाखव," सुमनबाई वाकली.

खाट आली. चादरीवर ऊन पडलेलं. आणि त्या उन्हातून एक सावली सरकली. चौकोनी, मागे छोटी शेपटी. खाटेवरून तिरकी आली, भिंतीवर चढली, कॅलेंडरवरून गेली आणि निघून गेली. खोलीच्या आतून. खोलीच्या वरून.

मी तेव्हा पहिल्यांदा ती बघितली.

पल्लवीचे हात थांबले. दहा वर्षांची पोर, तीन संक्रांती जयपूरच्या गच्च्यांवर काढलेली. पतंगाची सावली तिला कळणार नाही तर कुणाला? तिने मान वर केली नाही. नुसती पडद्याकडे बघत राहिली.

"हे काय गेलं व?" सुमनबाईने विचारलं. "काही काळं काळं गेलं, नाही?"

मला काहीतरी बोलायचं होतं. त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर उभी होते तशीच बसले, श्वास धरून. समोर सगळं दिसत होतं. सुमनबाई घरी जाऊन सांगणार. जावईबापू पिशवी भरणार. गाडी, गाव, मोठ्या भाऊजींचं अंगण, आणि पोरीच्या हातात झाडू.

"पंखा आहे, आत्या," पल्लवी म्हणाली.

"पंखा?"

"हां. वर पंखा आहे ना. त्याची सावली."

"थंडीच्या दिवसात पंखा कायले?"

"स्टो आहे ना आत. धूर होतो. आई पंखा लावते, मतलब धूर निघून जातो." तिने कॅमेरा नेहादीदीच्या हातात परत दिला. "मला माहिती आहे. आईने सांगितलं होतं मला."

मी तिला पंख्याचं कधी काही सांगितलं नव्हतं.

सुमनबाई सरळ झाली. "बरी हाय खोली," म्हणाली. "पंखा बी हाय. आमच्याकडे अजून टेबलावरचाच हाय." मग पिशवी उचलून मेथी घ्यायला गेली, ती घेऊन येईपर्यंत आम्ही तिघी तशाच बसलो. नेहादीदीने दुसरीकडे तोंड फिरवलं होतं. पल्लवी माझ्या बांगड्या फिरवत होती. एक पुढे, एक मागे. तिने काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. माझ्या भिंतींना छत नव्हतं, ते पोरीने एका वाक्यात घातलं. आणि घालून ती आत राहिली.

हे मला पुढच्या रविवारी कळलं. ती आली, कमरेला मिठी मारली, पण खोलीचं नाव नाही. पिशवीतून आत्याची जुनी लोकरीची टोपी काढली, कान झाकणारी. "ही घालून झोप," म्हणाली. "पंख्याचा वारा डोक्याला लागत असेल."

मी टोपी घेतली. खरं सांगितलं असतं, तर तिला आत्याच्या घरात रोज माझं खरं लपवत राहावं लागलं असतं. न सांगितल्याने तरी काय वेगळं झालं? इतके दिवस त्या खोलीत मी एकटी कोंडलेली होते. आता दोघी. मी तिकडे भिंतीशी, ती इकडे कॉलनीत, ताटावर बसताना, आत्याशी बोलताना, शाळेत मैत्रिणींनी विचारलं तर. ती हसायची कमी झाली. ती शहाणी झाली असं सुमनबाई कौतुकाने म्हणायची.

संक्रांतीनंतर वस्तीची पिक्चर पुरी झाली. भिंतीवर चादर बांधून दाखवली, आसपासचे लोकही उभे राहून बघून गेले. रिक्षा होती, केसरबाईच्या शिव्या होत्या, कुत्रा होता. मी कुठेच नव्हते, कारण पुष्कळसं मीच काढलं होतं. माझी खोली त्यात नव्हती. नेहादीदीने विचारलं, ती टेप ठेवू का तुमच्यासाठी? मी नको म्हटलं. त्या टेपवर नंतर दुसऱ्या कुठल्या वस्तीचं काही चढलं असेल. फाल्गुनात तंबू निघाले, भिंत उघडी पडली, केसरबाई आपली पेटी डोक्यावर घेऊन सांगानेरच्या बाजूला गेली. जाताना म्हणाली, "मराठण, अब छत वाला ढूँढ।"

छत मिळालं. कागद फिरून फिरून एकदाचे थांबले आणि मला रेल्वेच्या दवाखान्यात साफसफाईचं काम लागलं. दोन खोल्या मिळाल्या. पल्लवीला घेऊन आले त्या दिवशी ती दारात उभी राहून सगळ्यात आधी वर बघेल असं मला वाटलं होतं. तिने बघितलं नाही. ती सरळ खिडकीपाशी गेली, पडदा बाजूला केला आणि पलीकडे खरंच अंगण आहे का ते बघितलं.

आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. आता ती नोकरी करते, आपल्या पगारातून तिने आतल्या खोलीत मोठा पंखा बसवून घेतला. मिस्त्री पंखा बसवत असताना मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. ती मला बोलावेल म्हणून वाट पाहिली. तिने बोलावलं नाही. मग आवाज आला, पंखा फिरायला लागला, आणि दोघी आपापल्या खोलीत आपापलं काम करत राहिलो. कधी वाटतं एक दिवस म्हणावं, पल्लवी, ती खोली नव्हती गं. म्हणजे ती म्हणेल, माहीत आहे. बस, इतकंच. दोन वाक्यं. पण तिने तेव्हा इतक्या झटकन, इतक्या प्रेमाने ते छत घातलं की ते मोडायला माझा हात उठत नाही. आणि मी मोडत नाही म्हणून तीही मोडत नाही.

आज रविवार, म्हणून ती घरीच होती. चहाचे दोन कप घेऊन गच्चीवर आली. माझं बोट बघून "मांज्याने ना?" म्हणाली आणि आपल्या ओढणीच्या टोकाने पुसलं. आम्ही पसरलेल्या रजयांच्या कडेला बसलो. ऊन चांगलं होतं. शेजारच्या गच्चीवर पोरं ओरडत होती, कुठेतरी ढोल वाजत होता. मी तिला गजक आणायची आठवण करून दिली, ती कारखान्यातल्या नव्या ठशांचं सांगत होती. बोलता बोलता रजईच्या पांढऱ्या अस्तरावर एक सावली आली. चौकोनी, मागे छोटी शेपटी. हळू हळू सरकत माझ्या पायाशी आली, तिच्या गुडघ्यावर चढली, पुढे गेली.

पल्लवीचं बोलणं मधेच थांबलं. माझा कप ओठाशी राहिला. डोक्यावर सगळं आकाश मोकळं होतं.

आम्ही दोघींनीही वर बघितलं नाही.